कुंभार्ली घाट आणि चार गिअर

वाचकहो, कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कुणी वऱ्हाडाच्या गाडीतून, कुणी एस.टी.च्या खिडकीशी बसून, कुणी आंब्याच्या पेट्या आणायला गेलेल्या टेम्पोतून. मीही हा रस्ता तीस वर्षे पाहिला, पण तो डाव्या बाजूच्या आसनावर बसून, मांडीवर पिशवी घेऊन. माझे माहेर चिपळूणकडचे आणि सासर पाटण तालुक्यातले. मध्ये उभा कुंभार्ली घाट. दर भाऊबीजेला हे आमची लहान मोटार काढत, मी शेजारी बसे, आणि घाट कधी चढला, कधी उतरला हे मला कळतही नसे. उजव्या बाजूला बसून, हातात स्टेअरिंग धरून तोच घाट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे वय एकोणपन्नास होते. त्या दिवसाची आणि त्याआधीच्या शिकण्याची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. घरात गाडी आहे पण चालवणारा एकच, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून सांगते.

२०२१ साली जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचा मोठा पूर आला, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा वाचली, पण डावा हात आणि डावा पाय गेला. सहा महिन्यांनी काठी टेकत अंगणापर्यंत येऊ लागले. उजवे अंग पहिल्यासारखेच धट्टेकट्टे. पण मोटारीला ते पुरत नाही. आपल्याकडच्या गाडीत क्लच डाव्या पायाखाली आणि गिअरचा दांडा डाव्या हाताशी. नेमके जे गेले तेच गाडीला हवे होते.

गाडी छपरात उभी राहिली. जुनी मारुती ८००. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या. गिऱ्हाईक येऊन टायर दाबून बघू लागले. एक दिवस हे म्हणाले, "विकून टाक. उभ्या गाडीला गंज खातो." मी हो म्हटले नाही आणि नाही म्हटले नाही. मुलगा नोकरीला पुण्यात, मुलगी सासरी. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शेजाऱ्याच्या दारात जायचे. एस.टी.ची पायरी यांना चढवत नव्हती. आणि माहेरी माझी आई, चौऱ्याऐंशी वर्षांची, दर आठवड्याला फोनवर एकच विचारी, "जावईबापूंना कधी आणतेस? मला एकदा बघायचंय त्यांना."

त्या रात्री मी म्हटले, "गाडी नको विकायला. मी शिकते." हे दोन दिवस त्यावर काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "आधी क्लच समजून घे. बाकी सगळं सोपं आहे."

क्लच म्हणजे जू

आता तुम्हालाही आधी क्लच समजून घ्यावा लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहते. चाके मात्र कधी फिरायची असतात, कधी थांबायची असतात. फिरते इंजिन आणि थांबलेली चाके यांना जोडायचे आणि तोडायचे काम क्लच करतो. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असते. त्याला घासून बसणारी एक तबकडी असते, तीच क्लचप्लेट. स्प्रिंगच्या जोराने ती चक्राला चिकटून असते. आपण पायाने क्लच दाबला की ती सुटते, पाय सोडला की पुन्हा चिकटते. यांनी मला ते एका वाक्यात सांगितले, "क्लच दाबला म्हणजे बैल सोडले, क्लच सोडला म्हणजे बैल जुपले."

बैल जुपून एकदम आसूड ओढला तर गाडीला हिसका बसतो. तसेच इथे. क्लचवरचा पाय एकदम उचलला की गाडी बेडकासारखी उडी मारते आणि इंजिन बंद पडते. पाय हळू उचलत आणला की मध्ये एक जागा अशी येते की इंजिनाचा आवाज थोडा खाली बसतो, गाडीच्या अंगाला बारीक थरथर सुटते. तबकडी चक्राला लागली, पण अजून पुरती बसली नाही, ती ही जागा. तिला ड्रायव्हर लोक 'हाफ क्लच' म्हणतात. ती जागा ज्याच्या पायाला सापडली त्याला गाडी आली असे समजा. मला ती सापडायला अकरा दिवस लागले.

गिअरचेही तसेच. आपल्या घरात ट्रॅक्टर असेल तर तुम्हाला सांगायलाच नको. नांगराला लावताना ट्रॅक्टर 'लो'मध्ये घालतात, रस्त्याने मोकळा जाताना 'हाय'मध्ये. आमच्यासारख्या लहान मोटारीत पहिल्या गिअरला इंजिन सुमारे पंधरा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. चौथ्या गिअरला इंजिन चार-साडेचार वेळा फिरले की चाकाचा एक फेरा होतो. पहिल्यात वेग नाही पण ओढ आहे, चौथ्यात वेग आहे पण ओढ नाही. माणसाने खांद्यावर पोते घेतले की पावले लहान पडतात, रिकामा असला की लांब पडतात, तितकाच हा न्याय आहे.

जुन्या काळी हे काम याहून अवघड होते. दोन वेगवेगळ्या वेगाने फिरणाऱ्या दात्यांची चाके एकमेकांत बसवायची म्हणजे कर्रकन आवाज यायचा. म्हणून जुने ड्रायव्हर क्लच एकदा दाबून गिअर काढत, पुन्हा सोडून, खाली उतरायचे असल्यास इंजिनाला थोडी गती देत, आणि दुसऱ्यांदा दाबून पुढचा गिअर घालत. यालाच 'डबल क्लच' म्हणत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी आपली पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या कित्येक वर्षांत एस.टी.च्या ड्रायव्हरांनी असे डबल क्लच मारत घाट चढवले-उतरवले आहेत. दात्यांच्या चाकांचा वेग आपोआप जुळवणारी रचना अमेरिकेत १९२८ सालच्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम आली, आणि पुढे ती लहान-मोठ्या सगळ्या मोटारींत पसरली. तेव्हा आज गिअर बदलताना एकदाच क्लच दाबून भागते, हे आपले नशीब समजा. आता तर क्लचच नसलेल्या गाड्याही निघाल्या आहेत. पण खेड्यापाड्यांतल्या जुन्या गाड्या अजून क्लचच्याच आहेत.

कराडची शिकवणी

शिकाऊ परवाना काढला. चाळिशी उलटलेल्याला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, तो जोडला. हा परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवाच. मी रोज सकाळच्या एस.टी.ने कराडला जाई. तिथल्या एका शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. महिनाभर मला वाटले की मी झकास चालवते. परीक्षाही पास झाले. घरी येऊन आमच्या गाडीत बसले आणि छपरातून बाहेर निघेपर्यंत चार वेळा इंजिन बंद पाडले. तेव्हा कळले की निम्मी गाडी तो शिकवणारा चालवत होता. शिकवणीला जाल तेव्हा त्याला रोज सांगा, "तुमचा पाय काढून घ्या."

खरे शिक्षण मग सुरू झाले. गावाबाहेरच्या पडीक रानात सकाळी मी चालवायची आणि हे शेजारी बसायचे. तुम्हाला वाटेल, नवऱ्याने बायकोला गाडी शिकवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. भांडणे झालीच. पण एक गोष्ट मला दिसली. आजारपणानंतर हे घरात कुणाला काही सांगत नसत. जेवायला वाढले तर जेवायचे, औषध दिले तर घ्यायचे. गाडीत बसले की मात्र आवाज पहिल्यासारखा. "आवाज ऐक. इंजिन काय म्हणतंय? दुसरा मागतंय. घाल दुसरा." गाडी बंद पडली की मी घाबरी होई. हे म्हणत, "बंद पडली म्हणजे बिघडली नव्हे. क्लच दाब, न्यूट्रल कर, पुन्हा मार."

भाऊबीज जवळ आली. मी म्हटले, "जायचं?" हे कोयनेकडच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "घाट आहे." मी म्हटले, "घाट तुम्हाला पाठ आहे की."

पाटण ते घाटमाथा

२०२३ सालच्या भाऊबीजेला पहाटे आम्ही निघालो. हा रस्ता कोयनेच्या काठाने जातो. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगम तुम्ही पाहिला असेल. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्या संगमापासून नदीला उलटे धरून आपण वर वर जात असतो. पाटणला केरा नदी येऊन मिळते. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग दिसते. भात कापणीला आलेले, काही ठिकाणी कापून पेंढ्या पडलेल्या. रस्ता सरळ लागला की तिसरा, चौथा, पुढे वळण किंवा वस्ती दिसली की पुन्हा तिसरा, दुसरा. हळूहळू हात आपोआप जाऊ लागला.

एक सूचना इथेच करते. हंगामात या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या जोडीने चालतात, आणि त्यांच्या मागे कित्येकदा दिवाही नसतो, चकाकणारी पट्टीही नसते. नवशिक्याने अंधारात निघू नये, आणि ट्रॉलीच्या मागे लागू नये.

कोयनानगरला गाडी बाजूला घेऊन चहा घेतला. इथले धरण सुमारे १०३ मीटर उंच, आणि शिवसागर जलाशय १०५ टी.एम.सी.चा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. माझे सासरे सांगत की त्यानंतर कित्येक रात्री माणसे घरात झोपत नव्हती, थंडीत अंगणात शेकोट्या करून बसत. धरणाला तडे गेले, ते दुरुस्त करून मजबूत केले, आणि धरण उभे राहिले. आज त्या पाण्याची वीज साऱ्या महाराष्ट्राला जाते.

तिथून पुढे चढण लागते आणि घाटमाथा येतो. सातारा जिल्हा इथे संपतो, रत्नागिरी सुरू होतो. या माथ्यावर उभे राहून एक गंमत पाहावी. पूर्वेच्या उतारावर पडलेला पाऊस कोयनेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. चार पावले पश्चिमेला पडलेला पाऊस वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतो. पण माणसाने कोयनेचे बरेच पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगदा खणून पश्चिमेला वळवले आहे. ते पोफळीजवळ डोंगराच्या पोटातल्या वीजघरात पडते आणि मग वाशिष्ठीला मिळते. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेले पाणी दाभोळच्या खाडीत उतरते. सासर-माहेर दोन्हीकडे वाटणी झालेली ही नदी मला नेहमीच आपली वाटत आली आहे.

उतार

माथ्यावर हे म्हणाले, "आता एकच नियम. ज्या गिअरने हा घाट चढावा लागतो त्याच गिअरने उतरायचा. दुसरा घाल आणि पोफळीपर्यंत विसर."

याचे कारण समजून घ्या. उतारावर गाडी आपल्या वजनानेच पळू पाहते. नुसत्या ब्रेकवर तिला धरून ठेवले की ब्रेक घासून घासून तापतात. पुरते तापले की ते पकडेनासे होतात, आणि तेही ऐन उतारावर. खालचा गिअर घातलेला असला की चाकांना इंजिन ओढून फिरवावे लागते, त्यामुळे इंजिनच गाडीला मागून धरून ठेवते. उतारावर गाडीला ओढलेल्या दोरासारखाच हा धर. पेट्रोल वाचवायला कुणी घाटात न्यूट्रल करतात. त्यांनी तो दोर आपल्या हाताने कापलेला असतो. तसे कधीही करू नका.

दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमत होते, गाडी सावकाश उतरत होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, कारवीची झुडपे, कठड्यावर वानरे. प्रत्येक वळणावर हॉर्न. खालून भरलेला ट्रक आला की मी आधीच बाजूला थांबत होते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे. कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणे फार कठीण.

यांचा उजवा पाय माझ्यापेक्षा जास्त काम करत होता. प्रत्येक वळणाला तो खालच्या पत्र्यावर दाबला जाई, जणू तिथे ब्रेक आहे. मला हसू येत होते, पण मान वळवायची सोय नव्हती.

पोफळी आली. माती तांबडी झाली, हवा दमट झाली, आंबा-काजूची झाडे दिसू लागली. शिरगाव, अलोरे मागे पडले. माहेरच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा माझ्या हातांना कंप होता. आई काठी टेकत बाहेर आली. जावयाला तिने डोळे भरून पाहिले, त्यांच्या डाव्या हातावरून हात फिरवला. मग गाडीत वाकून बघत म्हणाली, "अगो, ड्रायव्हर खंय गेला? त्याला च्या तरी द्या." सगळे हसले. हे म्हणाले, "तुमची लेकच ड्रायव्हर." आईचा विश्वास बसायला दुपार झाली.

चढ

परतीला दुसऱ्या दिवशी निघालो. आता तोच घाट चढायचा होता. अर्ध्या घाटात एका वळणाशी पुढचा ट्रक थांबला, म्हणून मलाही थांबावे लागले. मागे एस.टी. येऊन उभी राहिली. ट्रक हलला. मी ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेला, क्लच लवकर सुटला, इंजिन बंद. गाडी मागे सरू लागली. मागून एस.टी.चा हॉर्न वाजला. वाचकहो, खोटे सांगणार नाही, त्या क्षणी मला काहीच आठवेना. ब्रेक कोणता आणि क्लच कोणता तेही नाही.

गाडी थांबली. मी थांबवली नव्हती. दोघांच्या आसनांमध्ये हँडब्रेकचा दांडा असतो. यांनी तो उजव्या हाताने वर ओढून धरला होता. माझ्या डाव्या हातापेक्षा त्यांचा उजवा हात आधी पोचला होता.

"ब्रेकवर पाय ठेव. आता ऐक," हे म्हणाले. आवाज रानात असायचा तसाच. "एस.टी. कुठं जात नाही. क्लच दाब. गाडी सुरू कर. पहिला घाल. हँडब्रेकनं मी धरलीय, तू ब्रेक सोड आणि थोडी रेस दे. आता क्लच हळू उचल. थरथर आली?"

"आली."

"आता सांग, सोडू का?"

"सोडा."

त्यांनी दांडा खाली केला आणि गाडी एका बोटाएवढीही मागे न जाता वर निघाली. तुम्हीही चढावर गाडी उचलताना हेच करा. आधी हँडब्रेक, मग क्लचची थरथर, आणि मग हँडब्रेक सोडणे. मात्र हा दांडा एरवी चालवणाऱ्याच्याच हाताचा. मी तो घरी गेल्यावर शंभर वेळा घोटला.

थोडे वर गेल्यावर पुन्हा गाड्या थांबल्या. मी हँडब्रेक ओढला. यांचा हात मांडीवरून उचललेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. तो दांड्यापर्यंत आला, आणि परत मांडीवर गेला. मी थरथर येऊ दिली, दांडा सोडला, गाडी निघाली. दोघेही काही बोललो नाही.

घाटमाथ्यावर गरम भजी घेतली. खाता खाता हे म्हणाले, "माझा डावा पाय मला कळत नाही. पण तू क्लच उचलतेस तो कळतो."

गाडी अजून छपरातच असते, पण कोंबड्यांना आता दुसरी जागा शोधावी लागली आहे. बाजार, दवाखाना, सोसायटी, सगळीकडे आम्ही तीत जातो. भगिनींनो, तुमच्या दारात गाडी असेल आणि किल्ली एकाच खुंटीवर, एकाच माणसासाठी लटकत असेल, तर वेळ येण्याची वाट बघू नका. भात निघाले की रान मोकळे होते. तिथे घरातल्या माणसाला शेजारी बसवा आणि पहिल्या दिवशी गिअर वगैरे काही नको, नुसती क्लचची ती थरथर शोधा. अकरा दिवस लागले तरी लागू देत.

आणि कधी कुंभार्ली घाटाने निघालात, नि पुढच्या चढावर एखादी लहान मोटार अडखळताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. थोडे अंतर सोडून थांबा. आत कुणीतरी कुणालातरी सांगत असेल, "आता सांग, सोडू का?"